उतरणारा तंबोरा



गणेशोत्सवात तरुण मंडळींची बास गिटार रात्रभर सुरात राहते आणि मिरजेहून आणलेला आपला तंबोरा दुसऱ्या बंदिशीलाच उतरतो. सबब तो कपाटात ठेवावा, अशी सूचना आली आहे. तक्रार खरी आहे. सूचना मात्र आम्हांला मान्य नाही.

बास गिटारची तार दातेरी चाकाच्या किल्लीने ताणलेली असते. तारेच्या ओढीने ते चाक उलट फिरत नाही. मानेत पोलादी सळई असते, म्हणून मान सहसा वाकत नाही. तंबोऱ्याची खुंटी निव्वळ घर्षणावर उभी. आपल्या दिल्लीच्या वैशाखात लाकूड आकसते व ती सुटते. श्रावणात फुगते व ती हलेनाशी होते. त्यात आपण तंबोरा थंड खोलीतून काढून थेट झगझगीत दिव्यांखाली नेतो. तापलेली तार सैलावते, सूर उतरतो. (बास गिटारही याला अपवाद नाही, पण तिचा वादक दोन गाण्यांच्या मध्ये गुपचूप किल्ली पिळतो!)

तेव्हा दोष वाद्याचा किती आणि आपला किती? तंबोरा तासभर आधी मंडपात आणावा, खुंटीला खडू लावावा, ती फिरवताना आत दाबावी आणि उरलेला फरक मण्याने काढावा. एवढे जाणणारे हात आपल्यात आता दोन-तीनच उरले आहेत, ही आमची खरी चिंता.

येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता आम्ही सभागृहात मुलांना तंबोरा लावायला शिकवणार आहोत. बास गिटारवाल्या मुलांनी अवश्य यावे; खर्ज ऐकणारा कान त्यांच्यापाशी आधीच आहे.