रुळातील तडा आणि संगणक

अंधेरी-बोरिवलीची लोकल म्हणजे आपल्या घरचीच. बारा डब्यांची गाडी जाते, तेव्हा रुळाच्या एकाच जागेवरून 48 चाके जातात. शंभर गाड्यांची झाली 4,800. असली गणिते आम्ही वर्गात पुष्कळ घातली. मर्म मात्र उशिरा कळले. रुळात सूक्ष्म तडा असेल, तर या चाकांखाली तो कणाकणाने वाढतो. 1963 साली पॅरिस व एर्दोगन यांनी त्या वाढीचे सूत्र मांडले: तडा तेवढाच असता ताणाचा चढउतार दुप्पट झाला, की पोलादात वाढीचा वेग सुमारे आठपट! संगणक रुळाचे बारीक भाग कल्पून तडा पायरीपायरीने वाढवितो, आणि रूळ किती फेऱ्या टिकेल याचा अंदाज देतो. परंतु आरंभीचा तडा केवढा, हे त्यास श्राव्यातीत ध्वनीने रूळ तपासणाऱ्या कामगाराकडूनच कळावयाचे. तेथे चूक झाली, तर पुढील गणित बिनचूक असूनही उत्तर चुकते. आणि आपली मुले त्याच रुळावरून रोज कॉलेजला जातात.