गाळलेली जागा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या समारंभात मी दोन शब्द बोलावेत अशी कार्यकारिणीने आज्ञा केली, तेव्हा विषय शोधायला मला लांब जावे लागले नाही. आपल्या मंडळाच्या दुपारच्या वाचनवर्गात मी शिकवते. तिथे येणाऱ्या भगिनी अक्षरे ओळखतात, जोडाक्षरे सोडवतात, बेरजा तर माझ्यापेक्षा लवकर करतात. परंतु 'गाळलेल्या जागा भरा' असा प्रश्न आला की हात थांबतो. "बाई, इथं काही लिहिलंच नाही, तर वाचू काय?" असे मला विचारतात. प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणून आज त्या रिकाम्या जागेविषयीच बोलणार आहे.

हा प्रश्न कोणा गुरुजींनी मुलांना छळण्यासाठी काढला असे मात्र समजू नका. तेव्हाच्या जर्मनीतील ब्रेस्लाऊ शहरात हेर्मान एबिंगहाऊस या मानसशास्त्रज्ञाने १८९७ साली शाळकरी मुलांची समज पाहण्यासाठी वाक्यांतले शब्द व अक्षरे गाळून ती त्यांच्याकडून भरून घेतली. पुढे १९५३ साली अमेरिकेत विल्सन टेलर यांनी उताऱ्यातला दर पाचवा शब्द गाळून, वाचकांना किती शब्द भरता येतात यावरून तो उतारा सोपा की अवघड हे मोजण्याची रीत घालून दिली. तेव्हा जागा भरता आली नाही तर दोष दर वेळी वाचणारीचाच असतो असे नाही. कधी तो लिहिणाऱ्याचाही असतो, एवढे मनाशी धरून ठेवा.

आता रिकामी जागा भरायची कशी? मी वर्गात सांगते की शब्द हा आळीत राहणाऱ्या माणसासारखा आहे. घराला कुलूप असले तरी शेजारच्या बायका सांगतात, इथे कोण राहते, काय करते, कधी येते. वाक्यातही तसेच. गाळलेल्या शब्दाची हकिकत त्याच्या शेजाऱ्यांना विचारावी.

पहिला नियम असा की जागेपाशी अडून बसू नये. वाक्य शेवटपर्यंत वाचावे. आपल्या मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते, आणि पुष्कळदा खूण तिथेच असते. हे वाक्य पाहा: 'सासूबाईंनी सकाळी .... निवडले.' पर्याय तीन: डाळ, तांदूळ, ज्वारी. निवडायचे तर तिन्ही असते. पण 'डाळ निवडली' म्हणतो, 'ज्वारी निवडली' म्हणतो आणि 'तांदूळ निवडले' म्हणतो. शेवटच्या 'ले'ने निकाल दिला. व्याकरण शिकलेली नसली तरी हे प्रत्येकीच्या कानाला ठाऊक असते. म्हणून एकेक पर्याय जागेवर ठेवून मोठ्याने वाचावे. कानाला खटकले की तो शब्द तिथला नव्हे.

दुसरा नियम, एका शेजारणीवर विसंबू नये, दोघींना विचारावे. 'वहिनी हिरवे .... नेसून ओटी भरायला गेल्या.' पर्याय: साडी, पोलके, लुगडे. 'हिरवे' म्हटल्यामुळे साडी बाद झाली, कारण साडी हिरवी असते. राहिली दोन. पोलकेही हिरवे आणि लुगडेही हिरवे. आता पुढचा शेजारी पाहा, 'नेसून'. पोलके आपण घालतो, नेसतो ते लुगडे. पहिल्या खुणेने एक शब्द गेला, दुसरीने दुसरा गेला, आणि उत्तर हाती राहिले.

तिसरा नियम लहान शब्दांचा. पण, म्हणून, कारण, तरी हे शब्द दिसायला किरकोळ, परंतु वाक्याचे वळण तेच ठरवतात. 'आभाळ भरून आले, .... पाऊस पडला नाही.' इथे 'म्हणून' ठेवले तर अर्थाचा अनर्थ होतो. 'पण' ठेवले की सरळ होतो. आणि 'पाऊस वेळेवर झाला, पण सोयाबीन ....' एवढे वाचताच आपल्या मनात धस्स होते. पुढचा शब्द अजून आलेला नाही, तरी काही वाईट झाले हे कळते. ते 'पण'ने सांगितले. त्याचप्रमाणे 'जरी' दिसले की पुढे 'तरी' शोधावे, आणि 'जो' दिसला की 'तो'. ही जोडपी सहसा एकमेकांना सोडत नाहीत.

याच रीतीने न ठाऊक असलेल्या शब्दाचा अर्थही लागतो. आपल्या लोणारच्या बाईला 'धार' हा शब्द कोणी शिकवावा लागत नाही. गोमुखातल्या धारेचे पाणी अंगावर घेतले, म्हशीची धार काढली, विळ्याला धार लावली, पावसाची धार लागली. अक्षरे तीच, अर्थ चार, आणि चौघांत कोणाचा घोटाळा होत नाही. कारण गोमुख, म्हैस, विळा, पाऊस हे शेजारी जवळच उभे असतात.

जून २०२० मध्ये आपल्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा गावोगावचे लोक त्याविषयी वाचू लागले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याची तपासणी केली व मिठाच्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे सांगितले. आता समजा एखादीपुढे असे वाक्य आले: 'क्षारता वाढल्याने लवणप्रिय सूक्ष्मजीवांची वाढ झाली व पाणी गुलाबी दिसू लागले.' 'लवणप्रिय' हा शब्द तिने पूर्वी ऐकलेला नाही. पण लवण म्हणजे मीठ. आपल्या लवणासुराच्या कथेत आणि लोणार या नावातही ते आहे. प्रिय म्हणजे आवडते. 'वाढ झाली' म्हणजे काही जिवंत वस्तू असली पाहिजे. कोश न उघडता अर्थ लागला की नाही?

२०२२ मध्ये सुरू झालेल्या 'उल्लास' साक्षरता कार्यक्रमाची पहिली परीक्षा महाराष्ट्रात १७ मार्च २०२४ रोजी झाली. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० असे १५० गुण होते. नातवंडांच्या वयाच्या मुलांच्या बाकावर बसून बायकांनी पेपर लिहिले. अशा परीक्षेला ही युक्ती उपयोगी पडतेच. परंतु मला आज सांगायचे आहे ते परीक्षेच्या पुढचे आहे.

कधी कधी शेजारी काहीच सांगत नाहीत. 'दैत्यसूदनाचे मंदिर .... आहे.' जुने, दगडी, सुंदर. तिन्ही शब्द बसतात आणि तिन्ही खरे आहेत. इथे काही बिघडत नाही. पण हे वाक्य पाहा: 'ही गोळी जेवणाच्या .... घ्यावी.' चिठ्ठीवर पाणी सांडून तेवढा शब्द पुसला गेला आहे. 'आधी'ही बसते, 'नंतर'ही बसते. व्याकरणाला दोन्ही चालतात. शरीराला चालतीलच असे नाही. 'दिवसातून .... वेळा' यातही तसेच. अशा जागी तर्क चालवू नये. दवाखान्यात किंवा औषधाच्या दुकानात जाऊन विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

आपल्या थोरांनी हेच केले. चक्रधर स्वामी आपल्या लोणारला आले होते, त्या आठवणी 'लीळाचरित्रा'त आहेत. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी तो ग्रंथ सिद्ध केला, तो घरी बसून कल्पनेने नव्हे. ज्यांनी स्वामींना पाहिले, ऐकले, त्यांना गाठून, विचारून त्यांनी एकेक लीळा जमवली. पुढे धामधुमीत मूळ पोथी गेली, आणि अनुयायांनी ती आठवून पुन्हा लिहिली, असे महानुभाव परंपरा सांगते. आठवणींत फरक पडला तेव्हा निरनिराळे पाठ जपले गेले. आपल्याला पटेल तेवढाच ठेवून बाकीचे पुसून टाकले नाहीत. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. वि. भि. कोलते यांनी १९७८ साली या ग्रंथाची संपादित आवृत्ती काढली, तीही पुष्कळ पोथ्या ताडून. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ते स्वतः एवढे मोठे कवी. एखादी ओवी सहज घालू शकले असते. पण त्यांनी उलट बजावून ठेवले की या ग्रंथात कोणी आपल्या पदरची ओवी घालू नये. जिथे खूण आहे तिथे भरावे, जिथे नाही तिथे विचारावे, आणि आपल्या मनचे घुसडू नये, ही शिकवण मला त्यात दिसते.

आता शेवटची आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एक रिकामी जागा अशी असते की ती आपण भरली नाही तर दुसरा भरतो. 'मला रुपये .... मिळाले, सबब सही करून देते.' या वाक्यातल्या शेजाऱ्यांना विचारून पाहा. पाच हजार लिहा, वाक्य शुद्ध. पन्नास हजार लिहा, तरीही वाक्य शुद्ध. व्याकरण तुमच्या बाजूने साक्ष द्यायला येणार नाही. १८८१ च्या हुंडी, वचनचिठ्ठी व धनादेश यांच्या कायद्यात २० वे कलम आहे. कोऱ्या किंवा अर्धवट स्टँप कागदावर सही करून तो वचनचिठ्ठीसाठी दुसऱ्याच्या हाती दिला, तर त्या स्टँपाच्या मर्यादेत रक्कम भरून तो पुरा करण्याचा अधिकार त्याला दिला, असे प्रथमदर्शनी धरले जाते. मग "मी एवढे घेतले नव्हते" हे सिद्ध करत बसण्याची पाळी आपल्यावर येते.

"घरचाच माणूस आहे, सही मागतो आहे, विचारू कशी?" असे कित्येकींना वाटते. भगिनींनो, विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. बचतगटाचे कर्ज असो, शेताचा कागद असो, की दवाखान्यातले संमतिपत्र असो. आधी सगळ्या जागा भरून घ्याव्यात, मग कागद वाचून घ्यावा, आणि मग सही किंवा अंगठा. जी जागा भरायचीच नसेल तिच्यावर आडवी रेघ ओढायला सांगावी. आकड्यात रक्कम असेल तर अक्षरातही लिहून घ्यावी, म्हणजे एक शून्य वाढवणे सोपे राहत नाही. आणि शक्य तर कागदाची नक्कल आपल्यापाशी ठेवावी.

मंडळाला माझी एक विनंती आहे. दर महिन्याच्या सभेत वीस मिनिटे या अभ्यासाला द्यावीत. खर्च काही नाही. जुन्या वर्तमानपत्रातला एक उतारा घ्यावा आणि दर दहाव्या शब्दावर कपाळाची टिकली चिकटवावी. वाचता येणारीने वाचावे, बाकीच्यांनी शब्द ओळखावा, आणि तोच शब्द का, हेही सांगावे. मग टिकली काढून ताळा पाहावा. ज्यांना अजून वाचता येत नाही त्याही यात पहिल्या दिवसापासून भाग घेऊ शकतात, कारण भाषा त्यांची आहेच, फक्त अक्षर नवीन आहे. पुढच्या फेरीत उताऱ्याऐवजी एखादा कोरा अर्ज आणावा, आणि कोणती जागा आपण भरायची, कोणती विचारून भरायची, कोणती रेघ ओढून बंद करायची, हे सर्वांनी मिळून ठरवावे.