किट कारचा डॅशबोर्ड बदलताना: समोरचा पत्रा आणि मागच्या तारा

गेल्या काही भागांत आपण इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन असं सगळं मोठं मोठं बोललो. आजचा विषय दिसायला छोटा आहे: डॅशबोर्डचा पत्रा. जुना काढायचा, नवा बसवायचा. ऐकताना वाटतं, चार स्क्रू काढले, चार लावले, झालं. पण किट कारमध्ये हे काम म्हणजे गाडीच्या मज्जासंस्थेवरचं ऑपरेशन असतं. म्हणून आज सावकाश, क्रमाने सांगणार आहे.

आधी नव्या श्रोत्यांसाठी थोडं. किट कार म्हणजे सुट्या भागांत विकत घेऊन स्वतः जोडायची गाडी. इंग्लंडात, जिथे मी राहतो, ही परंपरा जुनी आहे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ साली ‘सेव्हन’ नावाची हलकी, उघडी, दोन माणसांची गाडी आणली. तयार गाडीवर तेव्हा परचेस टॅक्स लागायचा, सुट्या भागांच्या किटवर लागत नसे. त्यामुळे कमी पैशात स्पोर्ट्स कार हवी असलेली मंडळी घरच्या गॅरेजमध्येच पाने घेऊन बसायची. १९७३ मध्ये तो कर जाऊन व्हॅट आला आणि ती सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले. पण घरी गाडी जोडायची हौस काही गेली नाही. सेव्हनच्या धर्तीच्या गाड्या पुढे अनेकांनी काढल्या.

माझी गाडी त्यातलीच. १९८६ साली कुणा हौशी माणसाने घरी जोडलेली, फोर्डचं १६०० सीसी क्रॉसफ्लो इंजिन असलेली. डॅशबोर्ड प्लायवूडचा, त्यावर काळं रेक्झिन. उघडी गाडी, इंग्लंडचा पाऊस; प्लाय फुगून त्याचे पापुद्रे सुटले होते आणि स्पीडोमीटर खड्ड्यागणिक मान डोलवत होता. घरात मात्र खरा प्रश्न वेगळाच होता. आमची मुलगी चौदा वर्षांची, तिला शेजारच्या सीटवर बसून फिरायचंय. आणि हिचं म्हणणं सरळ होतं, “त्या फळीमागे काय आहे ते तू डोळ्यांनी बघितल्याशिवाय पोरगी त्या गाडीत बसणार नाही.” मला ते शंभर टक्के पटलं. तेव्हा हे काम सुंदर दिसण्यासाठी नव्हतं, एवढं लक्षात ठेवा.

पहिली पायरी: बॅटरीची निगेटिव्ह तार काढणं. मग फोटो. भरपूर फोटो. आणि प्रत्येक तारेला कागदी चिकटपट्टीचं लेबल, तार निघायच्या आधी. जुन्या ब्रिटिश गाड्यांत लुकासची रंगसंगती असते, ती पाठ असली की निम्मं काम सोपं होतं. तपकिरी तार म्हणजे थेट बॅटरीची, चावी बंद असतानाही जिवंत. पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावर जिवंत होणारी. हिरवी म्हणजे तीच, पण फ्यूजमधून आलेली. काळी अर्थची. लाल साइड लाइटची, निळी हेडलाइटची. हिरव्यावर काळी रेघ म्हणजे पेट्रोलच्या काट्याची. पण घरी जोडलेल्या गाडीत रंगावर आंधळा विश्वास ठेवायचा नाही. जोडणाऱ्याकडे त्या दिवशी जी तार शिल्लक असेल ती त्याने वापरलेली असू शकते. मल्टिमीटर लावून प्रत्येक तार तपासायची.

दुसरी गोष्ट फार महत्त्वाची: सगळ्याच काट्यांना तारा नसतात. माझ्या गाडीतला ऑइल प्रेशरचा काटा यांत्रिक आहे. म्हणजे इंजिनातलं खरं तेल, खऱ्या दाबाने, एका बारीक नळीतून डॅशबोर्डपर्यंत येतं. ती नळी कुठे घासून फुटली तर गरम तेल थेट ड्रायव्हरच्या पायांवर. तापमानाच्या काट्याची गंमत वेगळी. त्याला केसासारखी बारीक तांब्याची नळी असते, आत द्रव सीलबंद केलेला. ती काट्याच्या बाजूने सुटतच नाही. इंजिनाच्या बाजूने तिचा फुगा काढायचा आणि नळीसकट सगळं अलगद बाहेर घ्यायचं. नळी तोडली किंवा कडकन दुमडली, तर काटा भंगारात.

फळी सुटली तेव्हा मागे काय होतं? तीन ठिकाणी तारा नुसत्या पिळून टेप गुंडाळलेली. टेपचा गोंद वितळून गेलेला. आणि एक तपकिरी तार, म्हणजे कायम जिवंत असणारी, चॅसिसच्या चौकोनी नळीच्या धारेवर टेकलेली. वरचं प्लास्टिक अर्धं घासलेलं होतं. त्या तारेला फ्यूज नव्हता. ती आणखी थोडी घासली असती तर पार्क केलेल्या गाडीतही आग लागू शकली असती. मी हिला बोलावून दाखवलं. ती काही बोलली नाही, फक्त गॅरेजमधलं अग्निशामक नळकांडं उचलून गाडीच्या जवळ आणून ठेवलं.

पण त्याच फळीच्या मागे आणखी एक गोष्ट सापडली. पेन्सिलने लिहिलेल्या नोंदी. कुठली तार कुठे जाते, कुठल्या महिन्यात कुठला दिवा बसवला, सगळं बारीक अक्षरात. मुलगी म्हणाली, “बाबा, हे काका नीट काम करणारे होते. टेपवाली गडबड नंतर कुणीतरी केलीय.” आणि खरंच, त्या तिन्ही जोडांचा नोंदींत उल्लेख नव्हता. ती फळी आम्ही टाकली नाही. तिच्यावरून गाडीचा नकाशा काढला.

आता नवा पत्रा. मी २ मिलिमीटरचा अॅल्युमिनियम घेतला. जुनी फळी ठेवून पेन्सिलने गिरवायचा मोह होतो, पण फुगलेल्या फळीचं माप घ्यायचं नसतं. शिवाय या गाड्या हाताने बनतात, त्यामुळे दोन बाजू आरशासारख्या सारख्या असतील असं नाही. म्हणून आधी पुठ्ठा. पुठ्ठा गाडीत धरायचा, कापायचा, परत धरायचा. मग त्यावर काट्यांच्या जागा काढायच्या आणि सीटवर बसून, हात स्टिअरिंगवर ठेवून बघायचं: चाकाच्या कडेआड काय लपतंय? मोठे काटे साधारण ८० मिलिमीटरच्या भोकात बसतात, छोटे ५२ च्या. पुढून जागा दिसली तरी मागे चॅसिसची आडवी नळी असते, म्हणून काट्याची खोलीही मोजा.

भोकं पाडताना पत्र्याखाली लाकडी फळी, होल सॉचा वेग कमी, आणि मधूनमधून रॉकेलचे दोन थेंब. नाहीतर अॅल्युमिनियम दातांना चिकटतं आणि भोक फाटतं. मग अर्धगोल कानशीने कडा साफ. कापायचं काम आधी, वरचं आवरण नंतर.

कडांबद्दल एक सांगतो. आज ब्रिटनमध्ये नवी किट कार रस्त्यावर आणायची तर आय.व्ही.ए. नावाची तपासणी होते. त्यात, अपघातात डोकं आदळू शकेल अशा भागातल्या कठीण कडांना किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई लागते. आता हिशेब करा. २ मिलिमीटर जाड पत्र्याची कड कितीही घासली तरी जास्तीत जास्त १ मिलिमीटर त्रिज्या मिळेल. म्हणजे कड दुमडायची किंवा जाड रबरी पट्टी चढवायची. माझी गाडी जुनी, तिला ही तपासणी कधी झाली नाही. पण शेजारच्या सीटसमोर कुणाचं डोकं असणार आहे ते मला माहीत होतं. खालची कड मी मागे वळवून घेतली, वर रबर चढवलं.

आता जोडणी. यातला एक मुद्दा जुनी गाडी बाळगणाऱ्या पुण्या-मुंबईतल्या श्रोत्यांनाही उपयोगी पडेल. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा हा नुसता दिवा नसतो. जुन्या पद्धतीच्या अल्टरनेटरला सुरुवातीला जागं करणारा करंट याच बल्बमधून जातो. तिथे हौसेने एलईडी लावला की करंट फार कमी जातो आणि अल्टरनेटर चार्जिंग सुरूच करत नाही. माणूस बॅटरी बदलतो, अल्टरनेटर बदलतो, आणि दोष असतो त्या इवल्याशा दिव्यात. तेव्हा तिथे जुना २.२ वॉटचा बल्बच ठेवा, किंवा एलईडीला समांतर योग्य रेझिस्टर लावा.

पेट्रोलचा काटा बदलणार असाल तर टाकीतल्या सेंडरशी त्याचं जमतं का बघा. काही सेंडर रिकाम्या टाकीला २४० ओम दाखवतात आणि भरलेल्या टाकीला ३३, तर काही १० पासून १८० पर्यंत उलटे जातात. जोडी चुकली तर भरलेली टाकी रिकामी दिसेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे रिकामी टाकी भरलेली दिसेल.

अर्थसाठी पत्र्यावर विसंबू नका. प्रत्येक काट्याला स्वतंत्र काळी तार द्या आणि ती चॅसिसवर एका जागी आणा. तार पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, चॅसिसजवळून जाते तिथे क्लिप. सगळ्या तारा दोन मोठ्या प्लगमधून नेल्या, म्हणजे पुढच्या वेळी दोन प्लग, स्पीडोमीटरची केबल आणि त्या दोन नळ्या सोडल्या की पत्रा बाहेर. तेलाच्या जुन्या नळीऐवजी जाळीदार वेष्टनाची नवी नळी टाकली.

आणि शेवटी, बॅटरी थेट जोडायची नाही. निगेटिव्ह टोक आणि त्याची तार यांच्यामध्ये २१ वॉटचा बल्ब धरायचा. सगळं बंद असताना तो बल्ब अंधारात राहिला पाहिजे. लख्ख पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि तुमची तार जळण्याऐवजी फक्त बल्ब पेटला, एवढ्यावर निभावतं. माझा बल्ब पेटला नाही. मग एकेक स्विच. मुलगी पुढे उभी राहून ओरडत होती, “डावा इंडिकेटर ओके, उजवा ओके, अप्पर ओके.” डॅशवरचा अप्परचा निळा दिवाही बघा, इथल्या वार्षिक एम.ओ.टी. तपासणीत तो पाहतात.

स्पीडोमीटर जीपीएसशी ताडून घ्या. इथला नियम असा की काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. थोडं जास्त दाखवलेलं चालतं.

नव्या पत्र्याच्या मागे आम्ही दोघांनी न पुसणाऱ्या पेनने नोंदी लिहिल्या: प्रत्येक तारेचा रंग, फ्यूज किती अँपिअरचा, तारीख. काकांच्या नोंदीही तशाच उतरवल्या. पुढे कधी ही गाडी दुसऱ्या कुणाकडे गेली, तर त्या माणसाला अंदाजपंचे काही करावं लागू नये.

हो, आणि परवानगी मिळाली. पहिल्या रविवारी वीस मैल.

तुमच्याकडे जुनी जीप, पद्मिनी, काहीही असेल, तर एकदा टॉर्च घेऊन डॅशबोर्डच्या खाली डोकं घाला. पिळलेला जोड किंवा धारेला टेकलेली तार दिसली तर आम्हाला कळवा, पण त्याआधी बॅटरी काढा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.