वाचकांच्या नजरेची मोजदाद

संगणकाला एखादा शब्द सांगावा आणि त्यानें त्या विषयाचीं पानें धुंडाळून यादी पुढें ठेवावी, या साधनास सर्च इंजिन म्हणतात. यादींत वरचा मान कोणत्या पानास द्यावा, हाच त्यांतील खरा पेंच.

प्रारंभीचीं इंजिनें पानांतील शब्दांवर फार भिस्त ठेवीत. म्हणून लबाड मंडळी एकच शब्द पानावर शेंकडों वेळां लिहून ठेवीत. १९९८ सालीं स्थापन झालेल्या गूगलनें, एका पानाकडे दुसरीं कोणतीं पानें बोट दाखवितात, हें पाहिलें. हा झाला लिहिणारांचा कौल. त्याच वर्षीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत निघालेल्या डायरेक्ट हिट या लहानशा कंपनीनें वाचणारांचा कौल घेतला. यादींतील कोणत्या पानावर लोकांनीं टिचकी मारली आणि तेथें ते किती वेळ रमले, याची नोंद ठेवून ती क्रम लावी.

ग्रंथालय सांभाळणाऱ्यास ही युक्ति नवी नाहीं. दुसऱ्याच दिवशीं परत येणारें पुस्तक बहुधा न वाचतांच परत येतें! परंतु दाराजवळच्या फळीवरचींच पुस्तकें अधिक जातात, हेंहि तो जाणतो. जें वर आहे तेंच लोक पाहतात. पाहतात म्हणून तें वरच राहतें. नव्या, गरीब पानानें मग कोणाच्या दृष्टीस पडावें? या आक्षेपाचें पुरतें निरसन मला तरी कोठें आढळलें नाहीं.

२००० सालीं आस्क जीव्हज् कंपनीनें सुमारें ५० कोटी डॉलरांचे समभाग देऊन डायरेक्ट हिट विकत घेतली. ते समभाग पुढें दोन वर्षांत कोसळले, आणि डायरेक्ट हिटचें नांवहि मागें पडलें. कल्पना मात्र टिकली. अमेरिकन सरकारनें गूगलवर भरलेल्या खटल्यांत २०२३ सालीं तिच्याच अधिकाऱ्यानें साक्ष दिली कीं, नॅव्हबूस्ट नांवाची तिची योजना १३ महिन्यांच्या टिचक्यांचा हिशेब वापरते. टिचक्या अधिक, म्हणून उत्तरें चांगलीं. उत्तरें चांगलीं, म्हणून टिचक्या अधिक. नव्या प्रतिस्पर्ध्यानें या चक्रांत शिरावें कोठून?

२०२४ च्या ऑगस्टांत न्यायाधीश अमित मेहता यांनीं गूगलनें मक्तेदारी बेकायदा टिकविली असा निर्णय दिला, आणि २०२५ च्या सप्टेंबरांत त्या नोंदींपैकीं कांहीं भाग पात्र प्रतिस्पर्ध्यांस द्यावा असा आदेश दिला. ज्यांच्या टिचक्यांची ही वांटणी व्हावयाची, ते वाचक त्या खटल्यांत पक्षकार नव्हते.