सापडलं, पुढे काय?



यंदा आपल्या प्रदर्शनात लघवीवरून कर्करोग ओळखणाऱ्या चाचण्यांचे स्टॉल बरेच आहेत आणि गर्दीही तिथेच आहे. ते साहजिक आहे. सुई नाही, दुर्बीण नाही, रुग्णाने फक्त डबी भरून द्यायची. आपल्या शास्त्राला हा मार्ग जुनाच आहे. हेन्री बेन्स जोन्स या लंडनच्या डॉक्टरने 1847-48 मध्ये एका रुग्णाच्या लघवीतल्या विलक्षण प्रथिनाचं वर्णन केलं. मल्टिपल मायलोमा या कर्करोगाच्या तपासात त्याचं नाव आपण आजही घेतो. 2004 साली ब्रिटनमध्ये सहा कुत्र्यांना मूत्राशयाच्या कर्करोगाचे नमुने हुंगून ओळखायला शिकवलं. नुसत्या नशिबाने 14 टक्के वेळा बरोबर आलं असतं, कुत्र्यांनी 41 टक्के वेळा ओळखलं. गंमत म्हणजे शिकवणीच्या काळात ती सगळी एका ‘निरोगी’ माणसाच्या नमुन्यापाशी अडत राहिली. शेवटी त्याची पुन्हा तपासणी केली, तर मूत्रपिंडात कर्करोग निघाला.

तेव्हा रसायनं लघवीत उतरतात, याबद्दल वाद नाही. मला बोलायचंय ते त्यानंतरचं.

न्यूरोब्लास्टोमा हा लहान मुलांचा कर्करोग. त्याच्या पेशी ॲड्रिनलिनच्या कुळातली द्रव्यं तयार करतात. ती शरीरात मोडली की व्हीएमए आणि एचव्हीए होऊन लघवीवाटे बाहेर पडतात. चोवीस तासांची लघवी आम्लाच्या कॅनमध्ये गोळा करायला सांगून, वर ‘केळं, कॉफी, व्हॅनिला बंद’ असं बजावण्यात आपल्यातल्या अनेकांची उमेद गेली आहे. जपानने हे काम फार सोपं केलं. बाळ सहा महिन्यांचं झालं की आईने लघवीत भिजवलेला टिपकागद वाळवून टपालाने प्रयोगशाळेत पाठवायचा. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून हा कार्यक्रम देशभर चालला. भराभर गाठी सापडल्या, त्याही सुरुवातीच्या अवस्थेतल्या, आणि त्या बाळांपैकी बहुतेक सगळी जगली. यापेक्षा आणखी काय हवं?

मोजायचं राहिलं होतं ते मृत्यूंचं. कॅनडातल्या क्वेबेकने आणि जर्मनीने तपासलेल्या मुलांची न तपासलेल्या मुलांशी तुलना केली. जर्मनीत तर जवळपास पंधरा लाख मुलं तपासली होती. दोन्ही निष्कर्ष 2002 साली छापून आले: निदानं वाढली, मृत्यू घटले नाहीत. तान्ह्या वयातल्या यातल्या बऱ्याच गाठी आपोआप विरतात. लघवीत सापडत होत्या त्या मुख्यतः याच. जीव घेणाऱ्या गाठी बहुधा नंतर उगवत आणि चाचणीच्या हाती लागत नसत. मधल्या मधे, ज्यांना काहीच झालं नसतं अशा बाळांच्या वाट्याला ऑपरेशन आणि केमोथेरपी आली. 2003 मध्ये जपानने कार्यक्रम थांबवायचं ठरवलं. चालू सरकारी योजना बंद करायला धाडस लागतं, ते आपण आपल्याकडच्या अनुभवावरून जाणतोच!

चाचणीत दोष नव्हता. व्हीएमए आजही न्यूरोब्लास्टोमाच्या निदानात कामी येतं. चुकली ती योजना.

याची उलट बाजू आपल्या घरची आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत 1999 पासून सव्वा लाखाहून अधिक बायकांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला. बार्शीचं कर्करोग रुग्णालय त्यात होतं. एचपीव्ही या विषाणूची एकच चाचणी झालेल्या गटात आठ वर्षांत त्या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर आले. तो नमुना लघवीचा नव्हता, पण कसोटी तीच: किती सापडले नव्हे, किती वाचले. शिवाय सापडलेल्या बाईला उपचारापर्यंत नेणारी माणसं तिथे होती.

बाहेरच्या स्टॉलवरची पत्रकं मी वाचली. संवेदनक्षमता ठळक टाईपात आहे. मृत्यूबद्दल एका ओळीचाही उल्लेख नाही. अशा चाचण्या धडधाकट माणसांच्या ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये घुसडायला माझा विरोध आहे. कर्करोगाचा संशय असलेल्या किंवा उपचार झालेल्या रुग्णासाठी, डॉक्टरच्या चिठ्ठीवर, त्या खुशाल कराव्यात. उद्याच्या सर्वसाधारण सभेत तसा ठराव मी मांडणार आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी जरूर बोलावं, मात्र येताना आकडे घेऊन यावं.