रजोनिवृत्तीनंतरचे वजन आणि स्तनाचा कर्करोग

कुर्ल्याहून निघालेली धीमी गाडी सायन, माटुंगा व दादर मागे टाकून परळला पोहोचते. तेथील टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. उपचाराची सोय इतकी जवळ असूनही स्तनातील गाठ महिनोन्‌महिने लपवून ठेवणाऱ्या भगिनी आहेतच. या विलंबामागे संकोच आहे आणि एक जुनी समजूतही आहे की, हा आजार श्रीमंतांच्या घरचा.

या समजुतीला काही आधार नव्हता असे नाही. मुंबईच्या कर्करोग नोंदवहीत पारशी स्त्रियांमध्ये हे प्रमाण पूर्वीपासून अधिक आढळत आले. उशिरा विवाह, कमी अपत्ये ही त्याची कारणे सांगितली गेली. परंतु आता ही राहणी एका समाजापुरती उरलेली नाही. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. तेथील स्त्रियांतील या रोगाचे प्रमाण मुंबईच्या निम्म्याहूनही कमी भरते. महाराष्ट्र एकच, भाषा एकच. अंतर पडले ते राहणीमुळे.

श्रोतेहो, या अंतराचा एक धागा संप्रेरकांपर्यंत जातो. इस्ट्रोजेन हे संप्रेरक स्तनातील पेशींच्या वाढीला चालना देते. पाळी चालू असेतो ते मुख्यतः बीजकोशात तयार होते. रजोनिवृत्तीनंतर बीजकोशांचे हे काम थांबते, पण इस्ट्रोजेन थांबत नाही. शरीरातील चरबीत ॲरोमॅटेज नावाचे विकर असते आणि ते दुसऱ्या संप्रेरकांपासून इस्ट्रोजेन बनवते. चरबी जितकी अधिक, तितका हा कारखाना मोठा. शिवाय पोटावरच्या चरबीने रक्तातील इन्शुलिन वाढते आणि तेही पेशींच्या वाढीला हातभार लावते. ‘वय झाले, अंग सुटायचेच’ असे म्हणून ज्या वाढीकडे डोळेझाक होते, नेमकी तीच वाढ येथे महत्त्वाची ठरते. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन पाहणीत (२००६) अठराव्या वर्षानंतर २५ किलो वा अधिक वजन वाढलेल्या स्त्रियांना रजोनिवृत्तीनंतर हा धोका सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त आढळला. रजोनिवृत्तीनंतर वजन उतरवून ते टिकवणाऱ्यांचा धोका कमी झाला होता.

पाश्चात्त्य पाहण्यांत पाळी चालू असलेल्या लठ्ठ स्त्रियांना धोका किंचित कमीच दिसतो. टाटा मेमोरियलच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मात्र आपल्याकडील चित्र निराळे दाखवले. येथे नितंबांच्या मानाने कंबरेचा घेर मोठा असेल, तर पाळी चालू असो वा गेलेली असो, धोका वाढलेलाच दिसला. तेव्हा वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप अधिक उपयोगाची. भारतीय स्त्रीच्या कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे वैद्यक सांगते.

आहाराबाबत स्पष्टच सांगितले पाहिजे की, हा रोग टाळणारी एखादी भाजी वा काढा नाही. मद्याने धोका वाढतो, हे सिद्ध आहे. बाकी तेल, साखर व मैदा यांचा परिणाम मुख्यतः वजनावाटे होतो. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाण्याच्या खिचडीने कंबर उतरत नाही. दररोज अर्धा तास झपझप चालणे मात्र कुर्ल्याच्या गर्दीतही जमण्यासारखे आहे. स्तनपानाचा लाभही मोजला गेला आहे. तीस देशांतील अभ्यास एकत्र करून २००२ साली निघालेल्या निष्कर्षानुसार दर बारा महिन्यांच्या स्तनपानामागे धोका ४.३ टक्क्यांनी घटतो.

मात्र सडपातळ स्त्रीने निर्धास्त राहू नये. हा रोग तिलाही होतो. वजन आपोआप घटू लागण्याची वाट पाहणे तर घातकच, कारण ते बहुधा फार उशिराचे लक्षण असते. सुरुवातीची गाठ बहुतेकदा दुखत नाही, म्हणूनच ती दुर्लक्षिली जाते.

गाठ वेळीच हाती लागावी म्हणून १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांवर स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यांतील निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तनतपासणी केली. यंत्र नव्हते, क्ष-किरण नव्हते. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या स्त्रियांत रोग अलीकडच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशी ओलांडलेल्यांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत अशी घट दिसली नाही.