भूल उतरल्यानंतर

आपल्या वाळूज भागात, बजाजनगरसारख्या कामगार वसाहतींत, पाळलेला ससा काही नवा नाही. पण तो उचलायचा कसा, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. नीट आधार न देता उचललं, की तो मागच्या पायांनी जोरात लाथा झाडतो आणि त्या झटक्यानं त्याचाच कणा मोडू शकतो. सशाच्या वजनात हाडांचा वाटा जेमतेम ७ ते ८ टक्के. मागचे पाय मात्र भलतेच ताकदवान.

कणा मोडलेल्या प्रत्येक सशावर शस्त्रक्रिया करता येत नाही. करायची ठरली, तर निम्मी कसोटी भूल देण्यातच असते. भुलेत उलटी होऊ नये म्हणून माणसाला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवतात. सशाला उलटी होतच नाही. उलट पोट फार वेळ रिकामं राहिलं तर आतडी मंदावतात आणि तो दगावू शकतो. तोंड अरुंद, त्यामुळे श्वासनळीत नळी घालणं कठीण. अंग झटकन गार पडतं, म्हणून टेबलावर ऊब द्यावी लागते.

आयसोफ्लुरेन वायूनं ससा बेशुद्ध होतो, पण जाग आल्यावरच्या वेदनेवर त्याचा काही इलाज नाही. म्हणून ब्युप्रेनॉर्फिनसारखं वेदनाशामक औषध चीर देण्याआधीच द्यायचं आणि मेलोक्सिकॅम पुढचे काही दिवस चालू ठेवायचं. ससा दुखणं बोलून दाखवत नाही. शिकार होणाऱ्या प्राण्याला ते परवडत नाही. डोळे अर्धवट मिटलेला, दातावर दात घासणारा, चाऱ्याला तोंड न लावणारा ससा दिसला, की समजावं.

जाग आल्यावरची कसोटी वाघालाही चुकत नाही. नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रातला साहेबराव वाघ आठवतो? २०१२ मध्ये सापळ्यात अडकून त्याच्या पुढच्या पंजाची बोटं गेली. डॉ. सुश्रुत बाभुळकरांच्या पुढाकारानं आधी त्याची दुखरी गाठ काढली, मग जानेवारी २०२० मध्ये कृत्रिम पंजा बसवला. भूल उतरली आणि साहेबरावानं तो झटकून टाकला. झोपलेला प्राणी सगळं करू देतो. उपचार मानवला की नाही, ते जागा झाल्यावर तोच ठरवतो.

तेव्हा पाठीला मार लागलेला ससा सपाट फळीवर ठेवूनच न्या. घरातली वेदनाशामक गोळी त्याला देऊ नका. आणि डॉक्टरांना खर्च विचाराल, तेव्हा एवढंही विचारा: भूल उतरल्यावर याच्या दुखण्याचं काय करणार आहात?